आईचं नाक

रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. कशासाठी, ते फक्त आईला सांगितलं नव्हतं.

सून सकाळपासून तिच्या नजरेला नजर देत नव्हती. टेबल पुसलं, पाण्याचे पेले मांडले, मुलीची वेणी घातली, परत टेबल पुसलं. स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता. आई कोबी चिरत होती आणि त्या आवाजात कुठेही अडखळ नव्हती. ह्या बाईच्या डोक्यात काही बिघडलंय, असं तो आवाज ऐकून कुणालाच वाटलं नसतं.

पण गुरुवारी जे झालं ते झालंच होतं. शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलरी शिवून सून घरी येत होती, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच तिला गॅसचा वास आला. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन दोन पायऱ्या गाळत ती वर धावली. दार उघडलं तर आई शेगडीजवळ स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. शेगडीचं बटण पूर्ण उघडं, ज्योत नाही. सुनेनं बटण बंद केलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

"वाऱ्यानं विझला असेल गं," आई म्हणाली. "एवढं काय घाबरायचं?" आणि पुढचा बटाटा उचलला.

त्याआधी बुधवारी मुलीच्या पोटात दुखलं होतं, शाळा बुडली होती. त्याआधी कधी जेवणात मीठ दुप्पट, कधी नावालाही नाही. नवरा बस चालवायचा. रात्रपाळी नसली की घरी जेवायचा, आणि हल्ली बाहेरून काहीतरी खाऊन यायला लागला होता. गुरुवारची हकिकत ऐकल्यावर तो म्हणाला, "आजीसारखं व्हायला लागलंय."

आजी म्हणजे त्याच्या वडिलांची आई. सुनेनं तिला पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं पुष्कळ. शेवटी शेवटी आजी पावाचे तुकडे उशीच्या अभ्र्यात लपवायची. एकदा शेगडीवर रिकामं पातेलं ठेवून फिरायला निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळी आईनं सुताराला बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी लावून घेतली. कडी अजून होती. तिच्यावर आता हात पुसायचं फडकं लटकत असे.

सुनेनं जिन्यात उभं राहून नणंदेला फोन केला होता. भीती खरी होती. पण खोटं कशाला बोला, भीतीच्या मागे आणखी एक गोष्ट होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ह्या घरात तिनं चहापलीकडे काही केलं नव्हतं. आईनं कधी नाही म्हटलं नाही. फक्त, "तू दमून आलीस, बस," म्हणायची आणि पातेल्याचा कान स्वतःच्या हातात ठेवायची. आता ते पातेलं आपल्याकडे येईल, असं गुरुवारपासून सुनेच्या मनात येऊन जात होतं, आणि दर वेळी तिला स्वतःची लाज वाटत होती.

साडेबाराला नणंद आली. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून तिच्या बोलण्याला एक ठाम सूर आला होता, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, असा. पण दारात आईनं तिला जवळ घेतलं तेव्हा तो सूर घशातच राहिला. आईच्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. पाठीवर हात ठेवला तर हाडं लागली.

"आई, किती वाळलीस गं!"

"महिन्यातून एकदा बघितलं की असंच दिसतं. चपला काढ आणि बस. गरम आहे तोवर वाढते."

आई आत गेली तशी लेक भावाकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "मी माझ्याकडे नेते तिला. मागची खोली रिकामी केलीये. माझ्याकडे विजेची शेगडी आहे, गॅसचा प्रश्नच नाही."

"आणि बाबा?"

"बाबा इथं राहतील. दोघांना नाही रे जागा माझ्याकडे."

"चाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसांना वेगळं करायचं?"

"मग तू सांग दुसरं काही."

ड्रायव्हर भावानं पाण्याचा पेला जवळ ओढला. टेबलाच्या टोकाला त्यांचे वडील बसले होते. सगळी आळी त्यांना अजून घड्याळजीच म्हणायची. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. दोघांचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं, पण ते हातातला चमचा रुमालानं पुसत राहिले. जणू ते घड्याळातलं चाक होतं आणि त्याचे दात मोजायचे होते.

आई मोठं पातेलं घेऊन आली. कोबी आणि बटाट्याचं सूप, सोबत शेकलेल्या पावाचे तुकडे. ह्या घरात रविवारचं सूप म्हणजे आठवड्याचा हिशेब मिटवणं. सोमवारपासूनचे देठ, गाजराच्या शेंड्या, कोबीचा दांडा, धुतलेल्या बटाट्यांची सालं, सगळं एका पातेल्यात उकळायचं आणि गाळून ठेवायचं. त्याला घरात 'देठांचं पाणी' म्हणत. दोन्ही मुलं त्याच पाण्यावर वाढली होती. शाळेतून आल्यावर वाटीभर गरम पाणी, त्यात पावाची कडा बुडवलेली. लेकीला अजूनही ताप आला की तेच हवंसं वाटायचं. तिनं वाटी ओढून घेतली, फुंकर घातली, आणि चमचा तोंडाजवळ नेता नेता थांबली.

नातीनं मात्र घोट घेतला होता.

"आजी, हे आंबलंय."

"पोरी, लिंबू पिळलंय थोडं."

"लिंबू नाही. आंबलेलं आंबट. डब्यात राहिलेल्या भातासारखं."

घड्याळजींनी मोठा घोट घेतला, गिळला, आणि म्हणाले, "छान झालंय. कोबी कोवळा आहे."

"बाबा, ठेवा ती वाटी," ड्रायव्हर म्हणाला. "आई, हे खराब झालंय."

"शुक्रवारचं पाणी आहे. शुक्रवारचं पाणी रविवारी कधी खराब होतं? बघितलंय मी."

"बघितलंयस, पण..." लेकीनं वाटी बाजूला सरकवली आणि आईचा हात धरला. "आई, ऐक. आम्ही सगळे ह्यासाठीच जमलोय. तू काही दिवस माझ्याकडे चल. आराम होईल तुला. इथं रोज पाच जणांचं करायचं, ह्या वयात..."

"पाच जणांचं मी चाळीस वर्षं करतेय."

"गुरुवारी गॅस उघडा राहिला तुझ्याकडून."

आईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं पावाच्या तुकड्याकडे.

"तू सांगितलंस?"

"सांगितलं, आई. घाबरले मी."

"मीठ विसरतेस, गॅस विसरतेस," ड्रायव्हर म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो भराभर बोलत होता. "दोष नाही देत कुणी. पण आजीचं पण असंच सुरू झालं होतं. आधी मीठ, मग..."

'आजी' हा शब्द टेबलावर पडला आणि आईनं आपला हात लेकीच्या हातातून सोडवून घेतला.

"मी विसरते?" ती उभी राहिली. "विचार. काय विचारायचं ते विचार. सोमवारी तू सहाची बस काढलीस, डब्यात बटाटा आणि पाव नेलास, अर्धा पाव परत आणलास. तो वाळवून कुटून ठेवलाय, निळ्या झाकणाच्या डब्यात. मंगळवारी हिला कारखान्यात उशीर झाला, मशिनचा पट्टा तुटला होता. बुधवारी पोरगी घरी होती. ताई, तू मागल्या वेळी आलीस तेव्हा पिवळी छत्री विसरून गेलीस, ती कपाटामागे आहे. फळीवर सात कांदे आहेत, एकाला कोंब आलाय. अंडी चार. आजी? तुझ्या आजीला मी शेवटी जेवू घालायचे तेव्हा ती मला विचारायची, तू कुणाची कोण. मी विसरले का कुणाला?"

ती बोलत होती आणि सून ऐकत होती. पट्टा तुटल्याचं सुनेनं फक्त एकदा, चपला काढता काढता सांगितलं होतं. ती स्वतःसुद्धा विसरली होती. मग हे कसलं विसरणं?

तेवढ्यात नातीनं नाक वर केलं. मग लेकीनं. ड्रायव्हरची मान स्वयंपाकघराकडे वळली. दूध लागलं होतं. तळाला धरलेल्या दुधाचा कडवट, जळका वास दारातून सरळ टेबलावर आला. आई दाराच्या अगदी पुढे उभी होती, सगळ्यांत जवळ. आणि ती बोलतच होती, "...पिवळी छत्री, जिची काडी मोडलीये ती..."

सून उठली, आत गेली, शेगडी बंद केली. परत येऊन ती दारात, सासूच्या समोर उभी राहिली.

"आई, तुम्हाला वास येत नाही."

आई थांबली.

"दूध करपलं. आम्हाला सगळ्यांना वास आला. तुम्हाला नाही आला. गुरुवारी गॅसचाही नव्हता आला. तुम्ही काही विसरत नाही. तुम्हाला वासच येत नाही, आई."

आई नुसती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात असं काही होतं की सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

घड्याळजींनी चमचा खाली ठेवला.

"थंडीत ताप आला होता ना तिला," ते म्हणाले. "आठ दिवस पडून होती. त्यानंतर गेला. वास गेला आणि तोंडाची चवही. मला पहिल्या आठवड्यातच कळलं. लोणी खवट झालं होतं आणि ही पावाला लावत होती."

"तीन महिने!" लेक म्हणाली. "बाबा, तीन महिने तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? हेच. जे आज झालं ते." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "मी रात्री उठून शेगडी बघायचो. मीठ कमी असलं की हळूच घालून घ्यायचो. गुरुवारी नेमका चार वाजता न्हाव्याकडे गेलो होतो."

सांगताना त्यांना बायकोकडे बघवत नव्हतं. त्यांना आठवत होतं ते दुसरंच. साठीच्या आसपास त्यांची नजर गेली. बारीक कामाची. घड्याळाचा स्क्रू समोर असून दिसायचा नाही. कुणाला कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं. तेव्हा हीच डबा घेऊन दुकानात यायची आणि बसून राहायची. लोकांना वाटायचं बायको गप्पा मारत बसलीय. ती चिमट्यानं स्क्रू उचलून त्यांच्या बोटांत द्यायची, कुठं बसतो ते हळू आवाजात सांगायची. दोन वर्षं. मुलांनाही कधी कळलं नाही. त्याची परतफेड करायची संधी आली असं त्यांना ह्या तीन महिन्यांत वाटत होतं. आंबलेलं, खारट, अळणी, सगळं त्यांनी आनंदानं गिळलं होतं. दोनदा पोट बिघडलं तेही लपवलं होतं.

"तू माझ्यासाठी केलंस ना," ते पुटपुटले. "दुकानात."

"केलं," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मी तुमचे डोळे झाले होते. स्क्रू वाकडा बसला तर वाकडा म्हणायचे. एकदा तरी 'छान बसलाय' म्हणून फसवलं का तुम्हाला? मी रोज तुमच्या तोंडाकडे बघत होते. मला चव कळत नव्हती, म्हणून तुमच्या तोंडावरून ओळखायचं ठरवलं होतं मी. तुम्ही छान म्हणालात की मी निर्धास्त. त्या भरवशावर मी पोरीला घातलं खायला. बुधवारी तिच्या पोटात दुखलं ते माझ्या हातचं."

आई आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

बाहेर लेकीनं डोळे पुसले आणि तिचा औषधांच्या दुकानातला सूर परत आला, पण आता त्याची दिशा बदलली होती.

"दुकानात येतात अशी माणसं. तापानंतर वास गेलेली. कितीतरी जणांचा परत येतो, हळूहळू, वर्षभरानंसुद्धा. काहींचा नाही येत. मंगळवारी मी सुट्टी काढते आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेते." ती भावाकडे वळली. "हे आजीसारखं नाहीये रे."

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी काय बोलून गेलो तिला." मग म्हणाला, "पण तोवर काय? डबा लावू या बाहेरचा. महिना, दोन महिने."

"आणि ती काय करेल दिवसभर? डब्याची झाकणं उघडेल?"

"मग तुझ्याकडे नेणार होतीस त्याचं काय?"

"नाही न्यायचं. तिथं ती चार दिवसांत आजारी पडेल. मला दारातच कळलं होतं ते, फक्त ठरवून आले होते म्हणून बोलत राहिले."

भूक सगळ्यांनाच लागली होती आणि कुणी तसं म्हणत नव्हतं. नातीनं एकदा पावाचा तुकडा चघळला आणि आपल्या आईकडे पाहिलं. सून उठली. कडीवरचं फडकं घेतलं आणि दार ढकललं.

आई खिडकीशी स्टुलावर बसली होती. हात मांडीवर, रिकामे. सुनेनं तिचे हात असे कधी पाहिले नव्हते.

तीन महिने आईला वाटत होतं की कुणीतरी घर आतून पुसून नेलंय. सकाळी चहा म्हणजे गरम पाणी. नातीचे केस हुंगले तर काही नाही. कपाट उघडलं तर काही नाही. जेवताना तोंडात कापूस. खायचं म्हणून दोन घास घ्यायचे आणि उठायचं. सगळ्यांत भीती वाटायची ती पातेल्याचं झाकण उघडताना. आयुष्यभर ती झाकण उघडून नाक पुढे करायची आणि निकाल द्यायची, आजचा दिवस जाईल, उद्या नको. त्या निकालावर घर चाललं होतं. ह्या घरात काही वाया गेलं नाही ते तिच्या नाकामुळे. आता झाकण उघडलं की तिला फक्त वाफ दिसायची, आणि ती सवयीनं म्हणायची, चालेल.

"घे," ती सुनेकडे न बघता म्हणाली. "घे हे सगळं. तुला हवंच होतं."

"हवं होतं," सून म्हणाली.

एवढं सरळ उत्तर येईल असं आईला वाटलं नव्हतं. तिनं वर पाहिलं.

"अकरा वर्षं हवं होतं, आई. पण मला काय येतं? मला चहा येतो. कॉलर येते. बाहेर चार माणसं उपाशी बसलीत, त्यात तुमची नात. मी आत्ता इथं उभी राहून काय करू?"

"मला का विचारतेस? मी विष घालीन पोरीला."

"मला वास येतो," सून म्हणाली. "मला बाकी काही येत नाही, पण वास येतो. तुम्ही सांगा, मी हुंगते."

सुनेनं बाहेरून ते सुपाचं पातेलं आणलं आणि मोरीजवळ ठेवलं.

"हे ओतायचं ना?"

"ओत."

"तुम्ही ओता."

आईनं पातेल्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं शिजलेलं अन्न मोरीत ओतलं नव्हतं. ती उठली, दोन्ही कान धरले आणि पातेलं कलतं केलं. कोबीचे तुकडे जाळीवर अडकले, ते तिनं बोटांनी गोळा करून कचऱ्यात टाकले. हात धुतले. आणि मग, वळता वळताच, म्हणाली, "ती मधली फळी बघ. उजवीकडून."

सुनेनं पहिला वाडगा उचलला. "भात. कालचा."

"वास?"

"भाताचा."

"भाताचा म्हणजे कसा? झाकण काढल्या काढल्या नको घेऊस. थांब. मग खोल घे. नाकात काही टोचतंय का?"

"नाही. जरा... इस्त्री केलेल्या ओल्या कापडासारखा."

"चांगला आहे मग. ठेव. पुढे."

"लोणी." सुनेनं नाक मागे घेतलं. "हे नाही. हे मशिनच्या तेलासारखं येतंय."

"टाक."

"दूध करपलेलं."

"हलवू नकोस. वरचं हळूच दुसऱ्यात ओत, तळाला हात लावू नको. चाख."

"जळका वास आहे, थोडा."

"किती थोडा? पोरीनं तोंड वाकडं केलं असतं का?"

"साखर घातली तर नसतं केलं."

"मग ठेव."

अशी सगळी फळी झाली. गाजरं, डाळ, वाळवलेल्या पावाचा चुरा. एकेका डब्यावर दोघी थांबत होत्या. सुनेकडे चवीसाठी शब्द नव्हते, ती कापडाचे, दोऱ्याचे, मशिनचे शब्द वापरत होती, आणि आई ते आपल्या शब्दांत उलटवून घेत होती. अंड्यांची पाळी आली तेव्हा सुनेनं एक नाकाशी धरलं आणि आई पहिल्यांदा हसली.

"अंड्याला नाक कशाला? पाण्यात सोड. बुडलं तर आपलं, तरंगलं तर रामराम."

चारही बुडाली.

दारात लेक उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "मी काय करू?"

"बटाटे सोल. जाड सालं काढू नकोस, तू नेहमी अर्धा बटाटा सालीबरोबर टाकतेस."

लेक निमूटपणे सोलायला बसली. सुनेनं शेगडी पेटवली. आईनं कान तिकडे केला, फुरफुर ऐकली, आणि मान हलवली. तेल तापलं, कांदा पडला.

"आता हलवू?"

"ऐक आधी. पाऊस पडल्यासारखा आवाज येतोय ना? म्हणजे पाणी आहे अजून. आवाज खाली आला की हलव."

सून ऐकत राहिली. आवाज खाली आला, ते तिला स्वतःला कळलं आणि तिनं डाव घातला. मग बटाटे, मूठभर डाळ, पाणी. डाळ मऊ झाल्यावर कालचा भात आणि घालायची राहिलेली गाजरं. मिठाला आईनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तू घाल. थोडं घाल, चाख, परत घाल. घाई करू नकोस. घातलेलं काढता येत नाही."

सुनेनं चाखलं. "अजून हवंय."

"कुठं हवंय? आधी लागतं का नंतर?"

"तोंडात येतं आणि... मागे काहीच राहत नाही. शिवण टाकलीये पण गाठ मारली नाही, असं."

"मग चिमूट आणि लिंबाचे चार थेंब. गाठ लिंबानं बसते."

शेवटी चार अंडी फोडून त्यातच सोडली आणि झाकण ठेवलं. वर पावाचा चुरा कुरकुरीत करून टाकला. नाव नसलेला पदार्थ होता तो. उरलंसुरलं एका पातेल्यात घालून मऊ शिजवलेलं, चमच्यानं खाण्याजोगं.

तीन वाजता सगळे परत टेबलाभोवती बसले. वाढायला सून उभी होती आणि आईला तिनं खुर्चीवर बसवलं होतं. आईला ती खुर्ची टोचत असावी, ती सारखी सरकत होती. पहिला घास कुणी घ्यायचा, असा क्षणभर प्रश्न पडला. सगळ्यांनी घड्याळजींकडे पाहिलं.

त्यांनी घास घेतला. चावला. आई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. ते 'छान' म्हणणार होते, शब्द ओठांवर आलाही होता. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"गाजर कच्चं आहे," ते म्हणाले. "बाकी बरं आहे. पण गाजर कच्चं आहे."

"गाजर मी घातलं मागाहून," सून ओशाळून म्हणाली.

"कच्चं आहे ना? नक्की?" आईनं विचारलं.

"दाताखाली कटकन येतंय."

आईनं सुस्कारा सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. "उद्या आधी गाजर, मग बटाटा," ती सुनेला म्हणाली. आणि नवऱ्याला, "तुमच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलणार नाहीये. आत्ता जेवा."

"संध्याकाळपर्यंतच ना?" घड्याळजींनी विचारलं, आणि ड्रायव्हरला हसू आवरलं नाही. नात कुरकुरीत चुरा वेचून वेचून खात होती. लेकीनं दुसऱ्यांदा घेतलं, न विचारता.

ड्रायव्हर आईजवळ सरकला. "आई, ते मी मघाशी आजीचं..."

"गिळ आधी. तोंडात घास ठेवून माफी मागतात का?" पण तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो काही वेळ तिथेच राहू दिला.

आईची वाटी भरलेलीच होती. तिनं चमच्यानं नुसत्या रेघा ओढल्या होत्या. सून तिच्या शेजारी येऊन बसली.

"खा ना, आई."

"काय खाऊ? मला सगळं सारखंच."

"मी सांगते. तुम्ही घास घ्या."

आईनं घेतला. सून तिच्याबरोबर आपला घास घेऊन, डोळे मिटून, शब्द शोधत बोलू लागली. "बटाटा विरघळलाय. त्यात कांद्याचा गोडवा आहे, मागून येतो, लगेच नाही. आता अंडं लागेल तुम्हाला, ते मऊ आहे, जुन्या पांघरुणासारखं. लिंबू अगदी शेवटी. जिभेच्या कडेला. आणि चुरा जरासा करपलाय, पण तो चांगला करपलाय."

आई चावत होती. तिला चव आली नव्हती, कांद्याची नाही, लिंबाची नाही. पण ऊन मऊ भात जिभेवर होता, दाताखाली चुरा मोडत होता, आणि कांदा कसा लागतो ते तिला माहीत होतं. कुणीतरी फक्त सांगायला हवं होतं की तो तिथं आहे. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. टेबलावरचं बोलणं कमी होत गेलं, पण तिच्याकडे कुणी उघड पाहिलं नाही. घड्याळजी आपल्या वाटीत डोकं घालून बसले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

वाटी रिकामी झाली. आईनं ती सुनेपुढे सरकवली.

"अजून अर्धी पळी घाल," ती म्हणाली. "आणि तो शब्द परत सांग. पांघरुणाचा."